जया मॅडमची गाडी

आधीच सांगते, ही गोष्ट मी कुठं ऐकलेली नाही. माझ्यावर बेतलेली आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. फक्त खाली कमेंटमध्ये मला शहाणपण शिकवू नका. मी जामखेडची आहे. आमच्याकडं पाणी कमी आणि तोंड जास्त, असं माझ्या सासरचे म्हणतात.

आणि रात्रीबित्रीची गोष्ट शोधत असाल तर ही तसली नाही.

जे झालं ते सगळं दिवसा झालं. उन्हात. लख्ख दिसत असताना.

म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

माझं नाव धनश्री. सासर देवळाली प्रवरा. गावाच्या बाहेर, पाटाच्या कडेला आमची वस्ती. तिन्ही बाजूंनी ऊस. तेव्हा घरात माणसं तीनच. मी, माझे मिस्टर गोरक्षनाथ, आणि माझ्या सासू बनुबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. ही गोष्ट मागच्या वर्षीची, कारखान्याचं गाळप सुरू झालं तेव्हाची. मला आठवा महिना लागला होता.

मी ह्यांची दुसरी बायको.

पहिली जया. राहुरीला शाळेत शिकवायची. तिला कावीळ झाली आणि ती गेली. मूलबाळ नव्हतं. तिच्या मागं दोन वर्षांनी मी ह्या घरात आले.

मेलेल्या माणसाचा काय हेवा करायचा, असं तुम्ही म्हणाल. करून बघा, म्हणजे कळेल.

जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. तिची भाजी कधी खारट होते, ती कधी आजारी पडते, कधी वाईट बोलते. मेलेली सवत कधीच चुकत नाही. घरात काहीही निघालं की आत्याबाई म्हणणार, "आमची जया असं करायची." लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी पुरणपोळ्या केल्या. पोळी हातात घेऊन आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. का, तर जयाची पोळी अशीच मऊ असायची!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण पोळीचं जाऊ द्या. खरं दुखणं होतं ते गाडीचं.

जुनी, पांढरी, सेकंडहँड गाडी. ह्यांनी जयासाठी घेतलेली. शाळेला जायला. चालवायची जया, आणि हे तिच्या शेजारी डाव्या सीटवर बसायचे. साडी नेसून गाडी चालवणारी आमच्या वस्तीवर तीच पहिली. अजूनही गाडी गावात गेली की माणसं म्हणतात, "जया मॅडमची गाडी आली."

मी आत बसलेली असते! पोट एवढं पुढं आलेलं, तरी मी कुणाला दिसत नाही. जया मॅडम तेवढी दिसते.

मला तर धड सायकलसुद्धा येत नाही.

मी ह्यांना शंभरदा म्हटलं, "विकून टाका ती. बाळ यायचंय, दुसरी घेऊ."

हे म्हणायचे, "गाडी काय म्हनती गं तुला? गरीब हाय बिचारी."

गरीब! मग त्या गरीब गाडीनं आपले गुण दाखवायला सुरुवात केली.

तपासणीला आम्ही राहुरीच्या दवाखान्यात निघालो होतो. वस्तीवरून राहुरीला जायचं तर पाटाच्या पुलाची चढण चढावी लागते. फार मोठी नाही, पण उभी आहे. नेहमी गाडी दुसऱ्या गिअरवर सहज चढायची. त्या दिवशी अर्ध्यात आली आणि...

दम सोडला.

बंद नाही पडली. इंजिन ओरडत होतं. हे ॲक्सिलेटर दाबत होते. पण गाडी जागेवरून हलेना. मग हळूहळू मागं सरकायला लागली. मागून उसाची ट्रॉली येत होती, तिचा ड्रायव्हर शिव्या घालायला लागला. ह्यांनी कसाबसा ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली. मी उतरून पायी पूल चढले. हे माझ्या मागून गाडी घेऊन आले.

झपकन वर आले. काही झालंच नव्हतं म्हणा ना.

"पेट्रोलमदी कचरा आला आसंल," हे म्हणाले.

माझे मिस्टर शेतकरी, पण हात मेकॅनिकचा. कुणाची पाण्याची मोटर जळाली, स्टार्टर बिघडला की वस्ती आधी ह्यांना हाक मारते. गॅरेजला गाडी टाकणं त्यांना कमीपणाचं वाटतं. दुसऱ्याच दिवशी लिंबाखाली गोणपाट अंथरलं, बॉनेट उघडलं आणि बसले.

त्यांची एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि लगेच चढणीवर ट्रायल घ्यायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्यांदा एअर फिल्टर काढला. धुळीनं भरलेला होता, नवा बसवला. ट्रायल एकट्यानं घेतली, गाडी पळाली. संध्याकाळी मला घेऊन गेले.

अर्ध्यात दम सोडला.

मग प्लग बदलले. एकटे गेले, पळाली. मला घेऊन गेले, बसली.

पेट्रोल फिल्टर. तेच.

चारी चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवून बघितली, ब्रेक कुठं धरतोय का म्हणून. चाकं मोकळी होती. सायलेन्सर तुंबलाय का ते बघितलं. तोही मोकळा. मी आत बसून रेस द्यायची, हे बाहेर कान लावून ऐकायचे. इंजिनचा आवाज सुईसारखा सरळ.

"इंजिनात दम हाय," हे कपाळाला ग्रीस लावून म्हणाले. "पन त्यो चाकापतूर पोचत न्हाई. मधीच कुठं जातोय?"

मला हसू आलं होतं तेव्हा. खरंच सांगते.

मग ह्यांनी शलमोनभाऊंना बोलावलं. ते ह्यांचे शाळेतले दोस्त, गावात त्यांचं छोटं गॅरेज आहे. त्यांनी ऐकल्या ऐकल्या निकाल दिला. "गोरख, क्लच प्लेट गेली. इंजिन वरडतंय आन गाडी वढत न्हाई, मंजे क्लचच. लेकराला बी कळंल."

घरीच, लिंबाखाली, दोघांनी दिवसभर खपून क्लच प्लेट बदलली. जुनी प्लेट शलमोनभाऊंनी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि गोणपाटावर ठेवून दिली.

ती प्लेट अजून चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडीत बसायला गेले आणि "आयो!" म्हणून ओरडले. गुडघा स्टिअरिंगवर आपटला होता.

ड्रायव्हरची सीट...

पुढं घेतलेली होती. पार पुढं. आणि मधला आरसा खाली वाकवलेला.

हे चांगले उंच आहेत. मीही त्यांच्या खांद्याच्या वर येते. सीट एवढी पुढं घेऊन आमच्यापैकी कुणालाच बसता येणार नाही.

जया ठेंगणी होती. लग्नाच्या फोटोत ह्यांच्या छातीला लागते.

आता तुम्हाला वाटेल मला भीती वाटली. छे! मला राग आला. मला वाटलं, हेच करतात. मी दुपारी आडवी झाले की हे गाडीत जाऊन बसत असतील. तिची सीट तिच्या मापाला लावून शेजारी बसायचं आणि आठवणी काढायच्या. माझ्या पोटात ह्यांचं लेकरू, आणि ह्यांचं चित्त कुठं तर त्या मेलेल्या बाईपाशी!

मी अंगणातच सुरू झाले. "एवढीच आठवण येत होती तर मला कशाला आणली? फोटोशीच लगीन लावायचं व्हतं ना परत!"

"अगं मी कशाला सीट पुढं घीन? माझंच गुडघं फुटायलेत!"

"मग मी घेतली व्हय?"

आत्याबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या एरवी मध्ये पडल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी खाली मान घालून बसून राहिल्या. रागाच्या भरात माझं तिकडं लक्ष गेलं नाही.

ह्यांनी सीट मागं घेतली. दुसऱ्या सकाळी परत पुढं. मग ह्यांनी गाडीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. "तूच ठिव. मंजे तुझा इस्वास बसंल."

मी किल्ली कमरेला खोचली. ती कमरेची हलली नाही.

सकाळी सीट पुढं होती.

आता मात्र माझं तोंड गप्प झालं.

क्लच बदलल्यावरची ट्रायल राहिली होती. दुपारी आम्ही दोघं चढणीवर गेलो. ऊन चांगलं होतं. अर्ध्यात आलो आणि इंजिनचा आवाज चढला, गाडी बसली. मी घाबरून खाली बघितलं.

ह्यांचा उजवा पाय ॲक्सिलेटरवर होता. डावा पाय बाजूला, मॅटवर टेकवलेला.

आणि क्लचचं पेडल...

खाली गेलेलं होतं.

कुणीतरी पायानं दाबून धरावं तसं. अर्ध्यापर्यंत. आणि ते स्थिर नव्हतं. माणसाचा पाय थरथरतो तसं थोडं थोडं हलत होतं.

मी ह्यांच्या मांडीवर हात मारला. त्यांनी खाली बघितलं. आम्ही दोघांनी बघितलं, म्हणून सांगते, भास नव्हता तो. त्यांनी हॅन्डब्रेक ओढला, दार उघडलं, दुसऱ्या बाजूनं येऊन मला हाताला धरून उतरवलं. मी खाली पाय ठेवला आणि...

टक.

पेडल वर आलं.

हे घाबरले, पण त्यांचा स्वभाव विचित्र. घाबरले की जास्त हट्टाला पेटतात. दुसऱ्या दिवशी शलमोनभाऊंना बोलावून घेतलं आणि दोघांनी पुन्हा ट्रायली सुरू केल्या. डाव्या सीटवर युरियाच्या दोन गोण्या ठेवल्या. माझ्यापेक्षा जड. गाडी चढली. गोण्या काढून आत्याबाईंना बसवलं. चढली. शलमोनभाऊ स्वतः बसले, ते चांगले धिप्पाड आहेत. चढली.

मला मागच्या सीटवर बसवलं. चढली.

मला डाव्या सीटवर, ह्यांच्या शेजारी बसवलं.

नाही चढली.

शलमोनभाऊ डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. गाडीत काई न्हाई. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. पन गोरख, ही गाडी माझ्या गॅरेजला आनू नको बाबा."

म्हणजे दोष माझ्यात! युरियाची गोणी चालते, लग्नाची बायको चालत नाही! मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसून रडले. भीतीनं नाही, अपमानानं. नवऱ्याशेजारची ती एक जागा. तीसुद्धा ती बाई मला देत नव्हती.

घरी आल्यावर हे पाना घेऊन परत गाडीकडं निघाले. "डाव्या सीटमदीच कायतरी हाय. सीटच खोलून बघतो."

ते ऐकून आत्याबाई ओट्यावरून उठल्या आणि गाडीच्या दाराला आडव्या झाल्या.

"नगं खोलू, गोरख. मी सांगते."

आता हे समजायला तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बायको वारलेल्या माणसाला मुलगी दिली की त्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. नवी साडी नेसली की आधी टाकाला दाखवायची, कुंकू लावलं की आधी टाकाला. पहिलीचा मान ठेवला की ती संसारात आडवी येत नाही, असं म्हणतात.

लग्नात तो टाक माझ्यापुढं आला तेव्हा मी चारचौघांत सांगितलं होतं, मी घालणार नाही. मेलेलीला गळ्यात बांधून मी नवऱ्याजवळ जाऊ? माझ्या आईनं चिमटे काढले, पण मी ऐकलं नाही. आत्याबाईंनी टाक देव्हाऱ्यात ठेवला, विषय संपला. असं मला वाटत होतं.

मला दिवस गेल्यावर आत्याबाईंच्या जिवाला घोर लागला. टाक सुनेच्या अंगाला लागला पाहिजे, पण सून तर भांडकुदळ. मग त्यांनी त्यांच्या डोक्यानं तोड काढली. गाडी पहिल्यांदा चढणीवर अडली त्याच्या थोडं आधी, मी गावाला गेलेली असताना, गाडीच्या डाव्या सीटची शिवण उसवली, टाक आत सारला आणि वरून टाके घातले. म्हणजे मी बसले की तो आपोआप माझ्या अंगाला लागेल.

"आई!" हे एवढंच म्हणाले.

मला समजायला थोडा वेळ लागला.

गळ्यात घालायचा मान. आणि मी त्याच्यावर बसत होते. रोज. ह्यांच्या शेजारी.

ह्यांनी ब्लेडनं शिवण उसवली. आतून टाक निघाला. काळा दोरा गुंडाळलेला. उन्हात असूनही गार लागला. आत्याबाईंनी तो दुधानं धुतला, हळदकुंकू वाहिलं आणि माझ्यापुढं हात जोडले. माझ्या सासूनं. माझ्यापुढं.

"पोरी, लेकरू हुईस्तोवर घाल. मंग तुझ्या मनाला यील ते कर. मी पाया पडते तुझ्या. दवाखान्याला जायला ती चढन हाय बाई मधी."

मी घातला. बाळासाठी घातला, तिच्यासाठी नाही. मनात म्हटलं, बाळंत झाले की पहिलं काम, हे काढून देवात ठेवणार.

त्या दिवसापासून गाडी मला घेऊन अशी चढायला लागली की विचारू नका. हे खूश. आत्याबाई खूश.

फक्त एक व्हायचं. बोलता बोलता ह्यांची नजर माझ्या तोंडावरून खाली सरकायची आणि टाकावर थांबायची. एकदा तर त्यांनी बोटानं तो हळूच सरळ केला. इतक्या हळू त्यांनी माझ्या गालाला कधी हात लावला नव्हता.

मी पदर ओढून घेतला. मनात अशी आग पेटली की तो टाक तोडून पाटात फेकावा. पण पोटात बाळ लाथ मारत होतं. म्हणून गप्प बसले.

आता जे सांगते ते मला अर्धंच माहीत आहे. अर्धं आत्याबाईंनी सांगितलंय.

दिवस भरायला अजून अवकाश होता. हे ऊस घेऊन कारखान्यावर गेले होते. दुपारची जेवणं झाली, मी भांडी घासायला बसले आणि कळ आली. मग दुसरी. आणि पाणी गेलं.

ह्यांचा फोन लागेना. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग, तिथं नेहमीच लागत नाही. अँब्युलन्सवाल्यांनी सांगितलं, गाडी लांब आहे, वेळ लागेल. वस्तीवरची सगळी माणसं ऊसतोडीला, लांबच्या शेतात. आत्याबाई हाका मारून दमल्या, कुणी ओ देईना.

मला एकच सुचलं. गाडीचा हॉर्न. जोरात वाजवत राहिला तर शेतातून कुणीतरी येईल. ह्यांनी ठेवायला दिलेली किल्ली माझ्याकडंच होती. भिंतीला धरून धरून मी गाडीपर्यंत गेले, दार उघडलं.

सीट पुढं होती. पार पुढं.

टाक सापडल्यापासून सीट एकदाही हलली नव्हती. माझ्या मनात आलं, एवढं पोट घेऊन मी आत मावायची नाही. पण कळ आली होती, उभं राहवत नव्हतं. बसले आणि...

मावले.

स्टिअरिंग पोटाला लागलं नाही. पाय दुमडावे लागले नाहीत. माप घेऊन शिवलेला ब्लाऊज अंगात जावा तशी मी त्या सीटमध्ये बसले.

हॉर्नवर हात ठेवला.

एवढंच आठवतं.

त्यानंतर पंखा आठवतो. छताचा, हळूहळू फिरणारा. दवाखान्याची हिरवी भिंत. खिडकीतून पिवळं ऊन येत होतं, म्हणजे संध्याकाळ व्हायची होती. शेजारी पाळण्यात एक गाठोडं होतं, आणि ते श्वास घेत होतं.

मी आत्याबाईंना विचारलं, "कुणी आणलं मला?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग दाराकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तूच आनलं की. गाडी चालवीत."

मी! जिला सायकल येत नाही, ती!

आत्याबाई म्हणाल्या, हॉर्न वाजलाच नाही. गाडीच चालू झाली. मी काच खाली करून त्यांना मागं बसा म्हणाले. कळा येत होत्या पण तोंडातून हूं का चूं नाही. चढण दुसऱ्या गिअरवर चढले. उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून गाडी काढली. दवाखान्याच्या फाटकात एका दमात गाडी रिव्हर्स लावली आणि उतरून स्वतः चालत आत गेले.

"आन मंग?" मी विचारलं.

"मंग झाली की पोरगी. तू रडली बी न्हाईस. नर्सबाई म्हनाली, पहिलटकरीन वाटत न्हाई. पोरगी तुझ्या हातात दिली तर सोडीना तू. कुनालाच दीना. लई येळ तिच्याकडं बघत हुतीस. आपल्या हातानं पाजलंस."

"काही बोलले का मी?"

आत्याबाई पाळण्यातलं दुपटं सारखं करायला लागल्या.

"सांगा ना. काय बोलले?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. "म्हनलीस... 'लई वाट बघाय लावलीस गं बाई.'"

माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

मी वाट बघितली नव्हती. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाच मला दिवस गेले होते. वाट दुसरीच कुणीतरी बघितली होती. ह्या घरात, कित्येक वर्षं, माझ्या आधी.

गळ्याला हात लावला. काळा दोरा होता. गाठ जशीच्या तशी होती. टाक नव्हता.

गाडीत शोधला, लेबर रूममध्ये शोधला, नर्सला विचारलं. आजपर्यंत सापडला नाही.

ज्या बायकांनी हे वाचलं असेल त्यांना मी विचारते. मुलीचं पहिलं रडणं मी ऐकलं नाही. पहिल्यांदा तिनं डोळे उघडले ते मी बघितले नाहीत. पहिलं दूध पाजताना कसं वाटतं ते मला माहीत नाही. दूध माझं, अंग माझं, कळा माझ्या. आणि तो सगळा आनंद दुसरीनं घेतला. मी जिला नवऱ्याशेजारची सीट द्यायला तयार नव्हते, तिनं माझ्याकडून हे नेलं. ह्याला काय म्हणायचं? कुठल्या पोलिसात जायचं?

मुलीचं नाव मी ठेवलं. राजनंदिनी, लाडानं नंदू. कुणाला विचारलं नाही. तेवढं तरी माझं.

गाडी आता ठणठणीत आहे. हे म्हणतात, एवढा पिकअप नवी असताना नव्हता. सीट जिथं ठेवली तिथंच राहते. मी डाव्या सीटवर बसते, कुणी अडवत नाही. सुरुवातीला मला बरं वाटलं. वाटलं, लेकरू बघितलं, तिचा जीव शांत झाला, गेली.

मग मधले मधले तास हरवायला लागले.

रोज नाही. कधीतरी, दुपारीच. मी शेंगा फोडत बसलेली असते, आणि एकदम चहाची वेळ झालेली असते. शेंगा फोडून झालेल्या असतात. नंदूची वेणी घातलेली असते. मला तशी बारीक वेणी घालता येत नाही. आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणतात, बाळंतपणानंतर बाईचं असं होतं, विसरायला होतं. पण सांगताना माझ्या डोळ्यात बघत नाहीत.

हे लिहायला बसले ते परवाच्या दुपारमुळं.

परवा मी कपडे वाळत घालत होते. दोरीवर ह्यांचा शर्ट टाकला. आणि...

मी ओट्यावर बसलेली होते. ऊन उतरलं होतं. समोर हे बसले होते, चहाची कपबशी हातात, तोंडावर हसू. असं हसू मी ह्यांच्या तोंडावर फक्त फोटोत बघितलंय. त्यांच्या पहिल्या लग्नाच्या.

"आज लई दिसांनी अशा गप्पा झाल्या," हे म्हणाले.

"कसल्या गप्पा?" मी विचारलं. "काय बोलले मी?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, आणि ते हसू हळूहळू गेलं. पाहुणा उठून गेल्यावर जातं तसं. त्यांनी मला विचारलं नाही की तुला आठवत कसं नाही. घाबरले नाहीत. नुसती कपबशी खाली ठेवली.

म्हणजे ह्यांना माहीत आहे. केव्हापासून, देव जाणे.

तेवढ्यात नंदू झोपेतून उठली. मी तिला उचलून घेतलं. तिनं माझं तोंड बघितलं, माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, आणि जी रडायला लागली ती थांबेचना. पाठ थोपटली, पदराखाली घेतली, तरी ऐकेना. शेवटी ह्यांनी उठून तिला माझ्याकडून घेतली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता, हळू आवाजात म्हणाले,

"उगी, उगी. यील ती."

कोण येईल, हे मी विचारलं नाही.